एकच निबंध, पुन्हा पुन्हा : नागपुरातल्या एका नववीच्या विद्यार्थिनीचं लेखन कसं बदललं

ही मुलगी नववीत होती. शाळा मराठी माध्यमाची, घर नंदनवनच्या बाजूला. वडील कळमन्याच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे हिशेब बघायचे, आई घरी शिवणकाम करायची. गणित-विज्ञानात मुलगी बरी, वर्गात बोलायला तर एकदम मोकळी. मराठीच्या पेपरात मात्र निबंधापाशी आली की तिचं घोडं अडायचं. प्रथम सत्र परीक्षेत निबंधाला ८ पैकी ३ गुण पडले. खाली लाल शाईत शेरा होता : ‘विचार मांडा. भाषा सुधारा.’ तो शेरा वाचून तिची आई वही घेऊन माझ्याकडे आली. “मॅडम, भाषा सुधारायची म्हणजे नेमकं करायचं काय? ही तर दिवसभर बोलतच राहते,” असं त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. त्या शेऱ्यातून मुलीला पुढचं पाऊल कोणतं टाकायचं ते कळण्यासारखं नव्हतं.

मी मराठी शिकवते. शाळेच्या तासांखेरीज संध्याकाळी काही मुलं घरी येतात, त्यांत तीही येऊ लागली. पुढे दिलेले उतारे तिच्या वहीतले आहेत, तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने. नाव मुद्दाम गाळलं आहे.

पहिला निबंध

विषय होता ‘नदीचे मनोगत’. तिने लिहिलं होतं :

‘मी नदी बोलत आहे. होय, मी तीच नदी, जिला तुम्ही लोकमाता म्हणता. माझा जन्म उंच उंच डोंगरात झाला. मी खळखळ वाहत, नागमोडी वळणे घेत, दऱ्याखोऱ्यांतून उड्या मारत सागराला भेटायला निघते. माझ्या काठावर अनेक संस्कृती उदयास आल्या. परंतु आज मानवाने मला प्रदूषित केले आहे. कारखान्यांचे सांडपाणी माझ्यात सोडले जाते. म्हणून आपण सर्वांनी नदी वाचवण्याची शपथ घेऊ या.’

सुटं सुटं वाक्य घेतलं तर कशातच चूक नाही. शुद्धलेखनही जवळजवळ निर्दोष, कारण ही वाक्यं पाठ केलेली होती. पण शेवटच्या वाक्याकडे बघा. सुरुवातीपासून बोलणारी नदी आहे आणि शेवटी तीच म्हणते, ‘आपण सर्वांनी नदी वाचवण्याची शपथ घेऊ या.’ म्हणजे नदीच नदीला वाचवायची शपथ घेते. बोलणारं कोण, हे लिहिणारीच्या ध्यानात राहिलं नव्हतं, कारण बोलणारं असं कुणी नव्हतंच.

मी तिला विचारलं, “ही नदी कोणती?”

“कोणतीही, मॅडम. निबंधातली.”

ही मुलगी शाळेत जाता-येता अशोक चौकाच्या पुलावरून रोज नाग नदी ओलांडते. ज्या नदीवरून या शहराला नाव मिळालं, ती नदी तिच्या पायाखालून रोज वाहते. आणि परीक्षेत नदीवर लिहायची वेळ आली तेव्हा ती तिला आठवली नाही. आठवली असती तरी निबंधात घालायची हिंमत झाली नसती. नाग नदी काळी आहे, तिला वास येतो, ती खळखळत नाही. निबंधातली नदी अशी नसते, असं तिचं पक्कं मत होतं.

गुण कुठे जात होते

दहावीच्या मराठी कुमारभारतीची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची असते. त्यातले २४ गुण उपयोजित लेखनाचे आणि त्यातले ८ प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एका निबंधाचे. नववीपासूनच शाळा मुलांना या साच्यात बसवायला लागतात. ८ गुणांसाठी घरी कोण किती वेळ देणार? म्हणून सोपी वाट धरली जाते : मार्गदर्शक पुस्तकातून किंवा मोबाइलवरून तयार निबंध उचलायचा, पाठ करायचा, विषय जरा हलला तर ओढूनताणून बसवायचा. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आला की मातीचा सुगंध दरवळणार, ‘माझी आई’ आली की आई पहाटे उठणार. एकाच वर्गातल्या चार वह्यांत तीच पहाट आणि तोच सुगंध असतो, हे मराठीचे पेपर तपासणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

तिच्या वह्या चाळताना दुसरी गोष्ट दिसली. विषय दिसला की त्याबद्दल जे जे सांगता येईल ते सगळं सांगायचं, ही तिची सवय. नदी म्हटल्यावर उगम, संस्कृती, शेती, प्रदूषण, शपथ. प्रत्येकाच्या वाट्याला एखादं वाक्य. त्यातून नदीबद्दल कुणालाच माहीत नाही असं काही सांगायला जागाच उरत नाही.

पण माझ्या मते खरा अडसर या दोन्हींपेक्षा खोल होता. या मुलीने आयुष्यात एकही निबंध दुसऱ्यांदा लिहिला नव्हता. नववीपर्यंत तिने वर्षाला कितीतरी निबंध लिहिले असतील. प्रत्येक एकदाच. लिहायचा, बाई तपासणार, लाल खुणा होणार, सही होणार, पान उलटायचं, पुढचा विषय. चित्रकलेच्या तासाला आपण मुलांना खोडरबर देतो आणि निबंधाच्या तासाला त्यांच्याकडून पहिल्या फटक्यात चांगलं पान मागतो. तपासलेल्या वहीतल्या खुणांचा उपयोग झाला असता तर तोच निबंध पुन्हा लिहिताना. ती संधी तिला कधी मिळाली नाही. म्हणून मी ठरवलं की नवा विषय द्यायचा नाही. ‘नदीचे मनोगत’ हाच निबंध आम्ही हातातून सोडायचा नाही, तो मनासारखा होईपर्यंत.

आधी बोलणं

पहिल्या काही बैठकांत तिने पेन हातात घेतलं नाही. मी विचारत गेले आणि ती बोलली तसं लिहून घेत गेले. पुलावर पोचायच्या आधी काय कळतं? वास. कोणत्या महिन्यात जास्त? मे महिन्यात, शाळेला सुट्टी असते पण शिवणाचे कपडे पोचवायला जाते तेव्हा. पाण्याचा रंग? उन्हाळ्यात काळा, पावसाळ्यात चहासारखा. लोक काय करतात? रुमाल लावतात, ऑटोवाले जोरात काढतात, कुणीकुणी कठड्यावरून निर्माल्याची पिशवी टाकून हात जोडतात.

हात जोडण्याची गोष्ट तिने सहज सांगितली. मी थांबवून म्हटलं, हे पुन्हा सांग. ती म्हणाली, “एक काकू आहेत, मॅडम. नाकाला पदर लावून येतात, एका हाताने पिशवी टाकतात, मग पदर सोडतात आणि दोन्ही हात जोडतात.” नदीला नमस्कार करायचा तर नाक धरता येत नाही! एवढं बारीक बघणाऱ्या मुलीला ‘विचार मांडा’ असा शेरा मिळाला होता.

मग पुराचा विषय निघाला. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांतल्या घरांत शिरलं. माणसं दगावली. सीताबर्डीचा मोरभवन बसस्थानकाचा परिसर पाण्याखाली गेला. तेव्हा ही मुलगी आठवीत होती. तिचं स्वतःचं घर वाचलं, पण तिची मावशी डागा लेआउटमध्ये घरोघरी स्वयंपाकाचं काम करायची. पाणी ओसरल्यावर मावशीसोबत ती एका घरातला चिखल काढायला गेली होती.

तिथलं तिला सगळं आठवत होतं. फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकलेला. कोठीतले गहू फुगून त्यांना आंबूस वास सुटलेला. आणि भिंतीवर चिखलाची एक सरळ रेघ, तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर, हॉलपासून देवघरापर्यंत एकसारखी. “मावशीने दोनदा पुसली, पण डाग जातच नव्हता.”

मी तिच्यापुढे कागद ठेवला. तिचीच वाक्यं, माझ्या अक्षरात, पाठपोट भरलेली. ती बराच वेळ वाचत राहिली आणि मग विचारलं, “हे निबंधात चालतं?”

दुसरा खर्डा : सगळंच हवं

चालतं म्हटल्यावर बांध फुटला. पुढच्या खेपेला ती तब्बल साडेचार पानं घेऊन आली. पूर होता, काकू होत्या, शिवाय तिने माहिती जमवली होती. नदीचा उगम शहराच्या पश्चिमेला लाव्हा परिसरातल्या टेकड्यांत. शहरातून प्रवास सुमारे १७ किलोमीटरचा. पुढे ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि हे पाणी गोसीखुर्द धरणापर्यंत जातं. नदीच्या शुद्धीकरणासाठी १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर झाल्याचंही होतं. वर्तमानपत्रातलं कात्रण तिने वहीला टाचलं होतं. मला त्या मेहनतीचं मनापासून कौतुक वाटलं आणि मी ते तिला सांगितलं.

पण निबंध पहिल्याइतकाच विस्कटलेला होता, फक्त आता खऱ्या गोष्टींनी. इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला आणि इथेच तिचं लेखन वळलं असं मला वाटतं. प्रत्येक वाक्यापाशी थांबून मी एकच विचारायची : हे नदीला माहीत असेल का, आणि ती हे असं म्हणेल का?

उगमाची टेकडी नदीला माहीत असणार. १,९२७ कोटी? नदीला रुपये कळत नाहीत. ‘शहरातील सांडपाण्यामुळे जलप्रदूषणाची पातळी वाढली आहे’ हे वाक्य? ते अहवालातलं, नदी असं बोलणार नाही. मग नदी हेच कसं म्हणेल? तिने विचार करून लिहिलं : ‘शहरात शिरताना माझ्यात मासे असतात. शहरातून निघताना माझ्यात फक्त शहर असते.’ हे तिचं वाक्य आहे, मी त्यात एक अक्षर घातलेलं नाही.

काटछाट तिला जड गेली. “मॅडम, कोटींचा आकडा शोधायला मला दोन रविवार लागले.” मी सांगितलं, फेकू नकोस. वहीच्या मागच्या पानांवर ‘राखीव’ असं लिहून सगळं तिथे उतरव. मुलांना आपलं लिहिलेलं खोडायला जिवावर येतं. ते कुठेतरी जपून राहणार आहे हे कळलं की हात सैल होतो. साडेचार पानांचं दीड पान झालं. आणि त्या राखीव पानांचा पुढे खरोखर उपयोग झाला, तो पुढे सांगते.

क्रम

मजकूर उरला तो चांगला होता, पण सुरुवात अजून ‘मी नाग नदी बोलत आहे’ अशीच. मी तिला प्रत्येक प्रसंग वेगळ्या चिठ्ठीवर लिहायला लावला आणि चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या. उगम, पूल, काकू, पूर, रेघ. कोणती चिठ्ठी आधी ठेवली तर वाचणारा दुसरी उचलेल? तिने वेगवेगळ्या रांगा लावून पाहिल्या. पुराने सुरुवात केली तर पुढे सगळं फिकं वाटतं. उगमाने केली तर पाठ्यपुस्तक वाटतं. शेवटी तिने रेघेची चिठ्ठी वर सरकवली. मग लिहिलेली सुरुवात अशी :

‘डागा लेआउटमधल्या एका घराच्या भिंतीवर माझी सही आहे. हॉलपासून देवघरापर्यंत एकसारखी रेघ. ती पुसायला आलेल्या बाईने दोनदा फडके मारले, तरी ती गेली नाही. त्या रात्री वरून पाऊस होता आणि मागून तलावाचे पाणी. माझ्या पात्रात जागा उरली नव्हती. लोक म्हणाले, नदी घरात शिरली. पण त्याआधी घरे माझ्यात शिरली होती, ते कुणी म्हणाले नाही.’

‘मी नदी बोलत आहे’ असं कुठेही न सांगता पहिल्याच परिच्छेदात बोलणारं कोण ते कळतं. आणि सहा ओळींत प्रदूषणापेक्षा मोठा मुद्दा येऊन जातो : नदीच्या काठावर आपण किती सरकत गेलो. हा मुद्दा तिने कुठे वाचला नव्हता. नदीला मोकळ्या पात्राची गरज असते, हे तिला भिंतीवरच्या त्या रेघेवरून सुचलं.

शेवट अजून शपथेवरच होता. मी तो परिच्छेद हाताने झाकला आणि म्हटलं, आता वरचं वाच, काही कमी पडतं का? तिने वाचलं आणि “नाही पडत” म्हणाली. पण परीक्षकाला शेवटी संदेश लागतो, ही भीती होतीच. ती भीती खोटी नाही, अनेक शाळांत तसंच शिकवतात. मी तिला एवढंच सुचवलं की नदीला काय हवंय ते नदीनेच मागू दे. मग तिने लिहिलं : ‘त्या काकू उद्याही येतील. त्यांनी पिशवी घरीच ठेवावी आणि माझ्यासमोर उभे राहून नुसते हात जोडावेत. पदर न लावता जोडता येतील अशी मी व्हावे, हे माझ्या हातात नाही. ते त्यांच्याही एकट्यांच्या हातात नाही.’ शेवटच्या वाक्यावर मी कौतुकाने खूण केली. नववीतल्या मुलीने दोष एका बाईवर ढकलून मोकळं व्हायचं नाकारलं होतं.

घरची बोली

एक गोष्ट तिने खूप उशिरा सांगितली. निबंध पाठ करण्यामागे आळस नव्हता. आपण जसं बोलतो ते ‘चुकीचं मराठी’ आहे असं तिला लहानपणापासून वाटायचं. घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘जेवून राहिली’ असं बोलतात, गल्लीत अर्धं हिंदी. स्वतःचं वाक्य लिहिलं तर ते तसंच उतरेल, त्यापेक्षा पाठ केलेलं वाक्य सुरक्षित. विदर्भातल्या कितीतरी मुलांच्या मनात हा न्यूनगंड असतो आणि तो आपण मोठी माणसंच पेरतो. एखाद्याने वर्गात ‘मले येत नाही’ म्हटलं की हसू उमटतं, त्या हशाचं पुढे काय होतं ते कोण बघतं?

मी तिला साधी वाटणी करून दिली. सांगणाऱ्याचं वाक्य प्रमाण मराठीत, पात्राचं वाक्य त्याच्या तोंडी असेल तसं, अवतरणचिन्हांत. त्याप्रमाणे एका खर्ड्यात मावशी आली : ‘“पानी कुठून आलं, समजलंच नाही बाप्पा,” ती म्हणाली.’ यातलं ‘पानी’ तसंच राहू दिलं. त्याच पानावर नदीच्या तोंडी मात्र ‘पाणी’. एकदा ही वाटणी समजल्यावर तिला दोन्ही भाषा आपल्याच वाटायला लागल्या आणि वाक्यं भराभर येऊ लागली.

शुद्धलेखनाचं मी फारसं मनावर घेतलं नाही, निदान सुरुवातीला. पाठांतर सुटल्यावर चुका वाढल्या. त्या वाढणारच होत्या. तिच्या आईला काळजी वाटली, त्यांना समजावून सांगितलं. मग तिच्याच खर्ड्यांतून वारंवार होणाऱ्या चुका तिने एका पानावर काढल्या : न आणि ण यांची अदलाबदल, ‘झाडांवर’, ‘लोकांनी’ यांतला राहून जाणारा अनुस्वार, ‘मूल’चं ‘मुलाला’ आणि ‘फूल’चं ‘फुलाला’ होताना ऱ्हस्व होणारा उकार. तिच्या बहुतेक चुका या मोजक्या प्रकारांतच बसत होत्या. शुद्धलेखनाचं पुस्तक पाठ करण्यापेक्षा हे पान तिला जास्त कामाला आलं. शेवटच्या वाचनात ती फक्त त्याच चुका शोधायची.

आणखी एक सवय : झालेला खर्डा आजीला मोठ्याने वाचून दाखवायचा. आजी शाळेत फार गेलेली नाही. जिथे आजी “काय म्हंते तू?” असं विचारायची, तिथे पेन्सिलने टिंब. बहुतेक टिंबं लांबलचक वाक्यांवर पडायची, ज्यात क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरायला होतो.

परीक्षेतली अठरा मिनिटं

इथे कुणीही विचारेल, परीक्षेत पुन्हा पुन्हा लिहायला वेळ कुठे असतो? तीन तासांना ८० गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. ८ गुणांच्या निबंधाला अठरा मिनिटं. त्यात खर्डे होत नाहीत.

पण काय होतं ते बघा. जी मुलगी एक निबंध मनासारखा होईपर्यंत घासते, तिला काय टिकतं आणि काय गळतं ते आधीच कळायला लागतं. मार्गदर्शक पुस्तकातलं वाक्य हातातून उतरायच्या आतच ती त्याला ओळखते. अठरांपैकी सुरुवातीची चार मिनिटं ती विचाराला राखायला शिकली. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, ‘कच्चे काम’ असं लिहून, विषयाशी जोडलेले स्वतः पाहिलेले प्रसंग एकेका शब्दात. त्यातला एक निवडायचा, बाकी सोडायचे. मग बारा मिनिटं लेखन. उरलेल्या दोन मिनिटांत आपल्या चुकांचं पान आठवून वाचन. पहिली चार मिनिटं पेन न चालवता बसायला तिला फार भीती वाटायची, शेजारच्या मुलीचं पान भरत असतं ना. वार्षिक परीक्षेत तिने ते धाडस केलं. निबंधाला ८ पैकी ६ मिळाले. विषय ‘माझा आवडता सण’ होता. तिने दिवाळी सोडून मारबतीवर लिहिलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती मिरवणूक, काळी आणि पिवळी मारबत हे मोठाले पुतळे, ‘घेऊन जा गे मारबत’ ही हाक, आणि लहान भाऊ बडग्याला, म्हणजे मिरवणुकीतल्या पुरुषी पुतळ्याला, घाबरून तिच्या ओढणीत तोंड लपवतो तो क्षण. निबंध त्या एका क्षणाभोवतीच होता.

वैचारिक लेखन

इथे प्रगती कमी आहे, तेही सांगायला हवं. अनुभवाच्या निबंधात जे लवकर साधलं ते इथे साधत नाही. ‘नदीप्रदूषण : जबाबदारी कोणाची?’ असा विषय दिला तेव्हा ती पुन्हा ‘प्रत्येकाने कचरा टाकणे बंद करावे’ वर आली. मी राखीव पानं उघडायला लावली. नाग नदीत जे वाहतं त्यात पिशव्यांपेक्षा घराघरांचं सांडपाणी कितीतरी जास्त आहे, हे तिनेच तिथे लिहिलेलं. मग उद्या सगळ्या काकूंनी पिशव्या थांबवल्या तर नदी स्वच्छ होईल का? नाही होणार. म्हणजे तुझं विधान बदलायला हवं. तिने बदललं : कचरा न टाकणे आवश्यक आहे, पण सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी सुधारणार नाही, आणि ते काम एकट्यादुकट्याचे नाही. ‘हे शक्य आहे का?’ या शंकेला उत्तर म्हणून तिने भांडेवाडीचं उदाहरण शोधून काढलं, जिथे शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला पुरवलं जातं. आणि ते १,९२७ कोटी आता योग्य जागी येऊन बसले. नदीच्या तोंडी जो आकडा शोभत नव्हता, तो विचार करणाऱ्या नागरिकाच्या तोंडी शोभला.

तरी विरुद्ध बाजू मांडताना ती अजून घाई करते. ‘काही लोक म्हणतात की’ असं लिहून त्या लोकांना एका वाक्यात हरवून टाकते. समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला पटेल इतक्या नीट मांडायचं, मग उत्तर द्यायचं, हे शिकायला वेळ लागेल. त्यासाठी तिला रोज एक अग्रलेख वाचायला सांगितलं आहे. त्यात लेखक कोणाला उत्तर देतोय एवढंच समासात लिहायचं. रोजनिशी लिहायचा प्रयोग मात्र सोडून द्यावा लागला. दोन खोल्यांच्या घरात भावाच्या हाती लागणार नाही अशी जागाच नव्हती, आणि कुणीतरी वाचेल या धाकाने ती रोजनिशीतही छापील मराठी लिहू लागली होती.

भरलेल्या वर्गात

एका मुलीपाशी इतका वेळ बसणं आणि साठेक मुलांचा वर्ग सांभाळणं यांत फार अंतर आहे, याची मला रोज जाणीव असते. तरी शाळेच्या माझ्या वर्गात मी यातलं थोडं नेलं. सत्रात आठ विषयांऐवजी चार घेते आणि प्रत्येक निबंध दोनदा लिहून घेते. पहिल्या खर्ड्यावर मी गुण देत नाही, लाल पेन उचलत नाही, फक्त एक प्रश्न लिहिते. ‘ही आई कुठल्या घरातली?’ किंवा ‘हे तू पाहिलंस की ऐकलंस?’ असा. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात. त्याआधी शेजारी बसणाऱ्याने वाचायचं आणि जे वाक्य लक्षात राहिलं त्याखाली पेन्सिलने रेघ मारायची. ज्या पानावर एकही रेघ येत नाही, त्या पानाचा लेखक दुसऱ्या दिवशी स्वतःहून नवीन पान घेऊन येतो. वह्या तपासायचा माझा वेळ होता तेवढाच राहिला, कारण विषय निम्मे झाले.

काही पालक तक्रार करतात की शेजारच्या तुकडीचे आठ निबंध झाले, आपले चारच. त्यांना मी मुलांचे दोन्ही खर्डे समोरासमोर ठेवून दाखवते.

ती मुलगी आता दहावीत आहे. विदर्भ साहित्य संघाच्या झाशी राणी चौकातल्या इमारतीपर्यंत तिला एकदा नेलं होतं. १९२३ साली स्थापन झालेल्या या संस्थेची पुस्तकांची कपाटं बघून तिने विचारलं, यातलं वऱ्हाडीत लिहिलेलं कोणतं? तेव्हापासून वाचन सुरू आहे. बोर्डाच्या परीक्षेआधी आम्हाला दोन कामं उरकायची आहेत : विरुद्ध बाजूचा तो परिच्छेद, आणि पत्रलेखन. पत्रलेखनात ती अजूनही ‘वरील विषयास अनुसरून’ च्या पुढे स्वतःचं वाक्य लिहायला कचरते. गेल्या आठवड्यात तिने महापालिकेला अशोक चौकाच्या पुलावर निर्माल्य कलश ठेवण्याची विनंती करणाऱ्या पत्राचा पहिला खर्डा आणला. त्यावर मी लिहिलेला प्रश्न आहे : ‘कलश रोज कोण रिकामा करणार?’ दुसरा खर्डा सोमवारी यायचा आहे.